अकरा कोकरं आणि 'सेंद्रिय' मटण

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातून एका पस्तिशीच्या वाचकाचं पत्र आलं आहे. घरची ऐंशी माडग्याळ जातीची मेंढरं आणि सहा एकर माळ. वडील, म्हणजे आण्णा, त्रेसष्ट वर्षांचे. अजून खांडामागे, म्हणजे कळपामागे, चालतात, दिवाळी झाली की वाडा (मेंढरांसकट फिरता मुक्काम) घेऊन कृष्णाकाठाकडे उतरतात. पत्रलेखक कृषी पदविका घेऊन दहा वर्षं पुण्यात नोकरी करून परत आले आहेत. पुण्यातल्या ओळखीच्या एका सोसायटीतली वीसेक घरं 'सेंद्रिय मटण' मिळालं तर किलोमागे दोनशे रुपये जास्त द्यायला तयार आहेत, म्हणून मेंढीपालन सेंद्रिय करावं असं त्यांच्या मनात आहे. थोरला भाऊ म्हणतो, शेड बांधू, अनुदान घेऊ, खुराक घालून बकरी ईदला नर विकू. गेल्या वर्षी 'सुरुवात म्हणून' पत्रलेखकांनी लस आणि जंताचं औषध दोन्ही थांबवलं. मृगाचा पाऊस पडला आणि आठ दिवसांत अकरा कोकरं गेली. तेव्हापासून आण्णा त्यांच्याशी कामापुरतंच बोलतात. ते विचारतात, "सेंद्रिय बरोबर की नेहमीची पद्धत बरोबर, एकदाचं सांगा."

---

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की अकरा कोकरांचा उल्लेख शेवटून तिसऱ्या ओळीत, 'ता. क.' लिहावा तसा आला आहे. माझ्या मते पत्र तिथूनच सुरू होतं. मीही तिथूनच सुरू करते.

संध्याकाळी उड्या मारणारं कोकरू सकाळी ताठ झालेलं सापडलं आणि गेलेली सगळी खांडातली चांगली भरलेली होती, असं तुम्ही लिहिलं आहे. पोट उघडून तपासलं नसेल तर छातीठोकपणे सांगता येत नाही, पण पशुवैद्यकीय दवाखान्यात काढलेल्या वर्षांवरून माझा संशय आंत्रविषारावर आहे. या रोगाचे जंतू मेंढीच्या आतड्यात एरवी गपगुमान राहतात. पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत किंवा एकदम वाढवलेला खुराक पोटात गेला की ते भराभर वाढतात आणि विष सोडतात. म्हणून तो नेमका गुबगुबीत कोकरांना आधी गाठतो. औषधाला वेळच मिळत नाही. लस हाच उपाय, आणि ती पावसाच्या आधी, मे महिन्यात द्यायची. पहिल्यांदाच टोचत असाल तर पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा. गाभण मेंढीला विण्याआधी महिनाभर दिली तर चिकातून कोकराला संरक्षण मिळतं.

आता तुमचा पहिला गैरसमज. सेंद्रिय म्हणजे लस नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? जगातल्या कुठल्याही गंभीर सेंद्रिय नियमावलीत लसीवर बंदी नाही. युरोपचे नियम कडक धरले जातात. तिथेही लस चालते. वर्षाच्या आत कापल्या जाणाऱ्या जनावराला प्रतिजैविकासारख्या औषधाचा एकच कोर्स देता येतो, पण लस आणि जंताचं औषध त्या मोजणीत धरत नाहीत. औषध दिल्यावर मांसासाठी जितके दिवस थांबायचं, ते दिवस मात्र दुप्पट होतात. आणि एक कलम तुम्ही वहीत लिहून ठेवावं असं आहे: जनावर आजारी असेल तर त्याच्यावर उपचार करायलाच हवेत, मग त्याचा सेंद्रिय दर्जा गेला तरी चालेल. औषध रोखून जनावर मरू देणं सेंद्रियात बसत नाही. बंदी आहे ती काही झालेलं नसताना सगळ्या कळपाला सरसकट प्रतिजैविकं चारण्यावर.

म्हणजे लस थांबवली हा निर्णय सेंद्रियाचाही नव्हता आणि नेहमीच्या पद्धतीचाही नव्हता. ती ऐकीव माहितीवर झालेली चूक होती. हे लागतं आहे हे मला कळतं, पण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

दुसरी गोष्ट. तुमच्या पत्रात दोन चित्रं आहेत. एकीकडे आण्णांचं रान, मोकळी हवा, औषध नाही, तेच सेंद्रिय. दुसरीकडे भावाची शेड, पेंड, इंजेक्शनं, ते 'रासायनिक'. मला दोन्ही चित्रं पटत नाहीत.

आण्णांचं खांड कुठे चरतं ते जरा आठवा. म्हैसाळ योजनेचं पाणी तालुक्यात जिथे जिथे पोचलं, तिथे माळाचं डाळिंब आणि द्राक्ष झालं. खांड चरतं ते उरलेल्या माळावर, बांधावर, काढणी झालेल्या रानात आणि छाटणीच्या पाल्यावर. त्या पाल्यावर महिन्याभरात काय काय फवारलं होतं हे आण्णांना माहीत नाही आणि बागायतदार सांगत नाही. प्रमाणपत्र देणारा माणूस आला तर त्याचा पहिला प्रश्न हाच असेल: मेंढरू कुणाच्या जमिनीवर खातं? त्या जमिनीची दोन-तीन वर्षांची नोंद दाखवा. भटक्या कळपाकडे अशी नोंद असूच शकत नाही. मटण उत्तम असेल, पण कागदावर ते सेंद्रिय नाही.

इथे एक आडवळण घेते, कारण ते तुमच्याच भागाचं आहे. द्राक्षावर बोर्डो मिश्रण मारतात. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, अर्थात तांबं. सेंद्रिय शेतीतही ते ठरावीक मर्यादेत चालतं. पण तांब्याच्या बाबतीत मेंढीइतकं नाजूक दुसरं पाळीव जनावर नाही. गाईला पचतं ते मेंढीच्या यकृतात साठत जातं, आणि एक दिवस, बहुतेक वेळा प्रवासाचा किंवा उपासमारीचा ताण पडला की, डोळे पिवळे, लघवी काळपट-लाल आणि खेळ खलास. याच कारणाने गाईम्हशींचं तयार खाद्य किंवा क्षारमिश्रण मेंढ्यांना घालू नका. मेंढ्यांचं वेगळं मिळतं. सेंद्रिय बागेतला बोर्डोचा पाला मेंढीला घातक ठरू शकतो आणि शेडमधला मक्याचा भरडा निर्धोक असू शकतो. नावावरून ओळखायला जाऊ नका, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता भावाची शेड. कोंबडीच्या किंवा परदेशातल्या डुकरांच्या धंद्यात सेंद्रिय आणि नेहमीची पद्धत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मेंढीत तसा नसतो. मेंढी रवंथ करणारी. तिचं पोट चाऱ्यासाठीच बनलं आहे. न्यूझीलंड, ब्रिटनसारख्या देशांत नेहमीच्या पद्धतीची मेंढीही मुख्यतः गवतावरच वाढते. फरक राहतो तो गवताला युरिया घातला का, जंताचं औषध किती वेळा पाजलं आणि शेवटी धान्य किती चारलं, यात. गवतावरच्या मांसात ओमेगा-३ स्निग्धाम्लं जास्त असतात हे खरं आहे. २०१६ मध्ये आलेल्या एका मोठ्या तुलनेत सेंद्रिय मांसात ती सुमारे ४७ टक्के जास्त आढळली. पण ती येतात चाऱ्यातून, शिक्क्यातून येत नाहीत. आणि माणसाच्या आहारात मटण हा ओमेगा-३ चा काही मोठा स्रोत नव्हे. सोसायटीतल्या ताईंना हे सांगू नका असं नाही, पण यावर धंदा उभारू नका.

भावाच्या शेडमध्ये खरा धोका 'रसायना'चा नाही, घाईचा आहे. मक्याचा भरडा एकदम वाढवला की पोटात आम्ल होतं. वर तोच आंत्रविषार आहेच. खुराकावरच्या कोकरांना तर तो जास्त. नरांना नुसत्या धान्यावर ठेवलं तर मुतखडा होतो. जागा दाट झाली की न्यूमोनिया आणि कोकरांची रक्ती हगवण. आपल्याकडे मोठ्या मेंढीला दहा-बारा चौरस फूट आणि बाहेर त्याच्या दुप्पट मोकळी जागा सांगतात. युरोपच्या सेंद्रिय नियमात आत दीड चौरस मीटर म्हणजे सोळा चौरस फूट आणि बाहेर अडीच चौरस मीटर लागतं. भावाने शेड बांधलीच तर आकडा तिकडचा धरा. त्याला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही.

आता सर्वात महत्त्वाचं, कारण तुमची योजना इथेच अडखळते असं मला वाटतं. जंत.

मेंढीच्या चौथ्या पोटात राहणारा, रक्त पिणारा गोल जंत हा मेंढीपालनाचा जगभरचा खरा शत्रू. एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. अंडी लेंडीतून रानात पडतात, पावसाळी ओलाव्यात आठवडाभरात त्यांतून अळ्या निघून गवताच्या पात्यावर चढतात आणि चरणाऱ्या मेंढीच्या पोटात परत जातात. कळप त्याच जागी चरत राहिला की हे चक्र फिरत राहतं. पापणीच्या आतली बाजू पांढरी पडते, जबड्याखाली पाणी साठतं, मेंढी मागे पडायला लागते. आण्णांना हे माझ्याइतकंच ठाऊक असेल.

सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी तुम्ही काय कराल? सहा एकराला कुंपण घालाल, बाहेरचं चरणं बंद कराल, म्हणजे फवारलेल्या रानाचा प्रश्न मिटेल. पण ऐंशी मेंढ्या सहा एकरांत बारा महिने फिरल्या तर पहिल्याच पावसाळ्यात तुमचा माळ जंतांनी भरून जाईल. मग औषध पाजण्याची पाळी येईल, आजवर आण्णांनी पाजलं नसेल इतक्या वेळा. आण्णांचं खांड थोड्या औषधावर बऱ्यापैकी तगत आलं त्याची दोन कारणं आहेत. एक, जतचा कोरडा, तापलेला माळ. उन्हात अळ्या मरतात. दुसरं, ते चालत राहतात. आज इथे वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) लावली, चार दिवसांनी दुसऱ्या शेतात. लेंडी मागे राहते, अळ्या मागे राहतात, मेंढी पुढे जाते. शेतकऱ्याला खत मिळतं, आण्णांना धान्य नाहीतर पैसे. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला खाताना मेंढीचं तोंड जमिनीपासून वर असतं, आणि अळ्या बहुतेक खालच्या दोन-तीन इंचांत असतात. जंताच्या औषधाला खरा पर्याय कुठला म्हणाल तर ही भटकंतीच.

तेव्हा तिढा असा आहे: कागद मिळवायचा तर कळप एका जागी ठेवावा लागतो, आणि औषध टाळायचं तर तो हलता ठेवावा लागतो. ज्यांच्याकडे शंभर एकर कुरण आणि त्याचे दहा तुकडे आहेत, ते दोन्ही साधतात. एका तुकड्यात मेंढ्या, मग गाई, मग वर्षभर काही नाही. सहा एकरांत ते होत नाही.

मग जंताचं करायचं काय? दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला एकच बाटली पाजणं हे नेहमीच्या पद्धतीचं सर्वात वाईट रूप. त्यातून औषधाला दाद न देणारे जंत तेवढे उरतात, आणि आज जगात अनेक ठिकाणी तेच झालं आहे. दक्षिण आफ्रिकेत यावर एक साधी युक्ती निघाली: पापणीच्या रंगाचा पाच छटांचा तक्ता. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी प्रत्येक मेंढीची पापणी उलटून बघायची, फिकी दिसेल तिलाच औषध. बाकीच्यांना नाही. वारंवार फिकी पडणारी मेंढी पुढच्या बाजारात काढायची, तिची पिल्लं ठेवायची नाहीत. औषध द्यायचं ते अंदाजाने नाही, वजन करून. कमी मात्रा ही सर्वात महाग पडते. अल्बेन्डाझोल गाभणपणाच्या सुरुवातीला नको. लेंडीचे नमुने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. हे सगळं 'सेंद्रिय' शिक्का असो वा नसो, करायचंच आहे. इतर वाचकांनाही, ज्यांची दहाच मेंढरं असतील त्यांनाही, मी हेच सांगेन.

खुराकाबद्दल थोडक्यात. सेंद्रिय खाद्यात जनुक बदललेलं बियाणं चालत नाही. आपल्या देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे, म्हणजे सरकी पेंड बाद. युरिया लावलेला कडबा बाद. उरतं ते शेंगदाणा पेंड, तुरीचं-हरभऱ्याचं भुसकट, घरचा मका, पण तेही सेंद्रिय रानातलं असल्याचा पुरावा हवा. जतमध्ये तो पुरावा देणारा किती जणांकडे मिळेल याचा अंदाज तुम्हालाच बरा.

आता पैसे. किलोमागे दोनशे ऐकायला छान वाटतं. तीस किलोच्या कोकराचं साधारण चौदा किलो मटण धरा. सगळं मटण वाढीव भावाने गेलं तर कोकरामागे अठ्ठावीसशे रुपये जास्त. पण त्या वीस घरांनी मागितलं आहे काय? तुम्हीच लिहिलं आहे: "रान आणि चाप." मांडीचं आणि बरगडीचं हे मटण सहा किलो भरेल. म्हणजे बाराशे. मुंडी, पाय, वजडी, कलेजी कोण घेणार? जत ते पुणे अडीचशे किलोमीटरहून जास्त. जिवंत न्यायचं तर वाटेत वजन घटतं, कापून न्यायचं तर बर्फाची सोय लागते. शिवाय कत्तल परवान्याच्या जागीच हवी, आणि शिक्का हवा असेल तर तिथेही सेंद्रिय माल वेगळा ठेवल्याची नोंद हवी. भल्याभल्यांची साखळी शेताच्या बांधावर तुटत नाही, खाटकाच्या ओट्यावर तुटते.

प्रमाणपत्राचे आपल्याकडे दोन रस्ते आहेत. एक राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. तो २००१ पासून आहे, अपेडा ही केंद्राची शेतमाल निर्यात संस्था चालवते, बाहेरची संस्था येऊन तपासणी करते, निर्यातीलाही चालतो. एकट्या ऐंशी मेंढ्यांसाठी तो परवडणं कठीण. दुसरा, शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची तपासणी करायचा, पीजीएस-इंडिया. निदान पाच शेतकरी लागतात, खर्च नगण्य, माल देशातच विकायचा. पुढेमागे करायचंच ठरलं तर तुम्हाला हा. पण दोन्हींपैकी काही नसताना पाकिटावर 'सेंद्रिय' छापून विकू नका. त्याचे अन्नसुरक्षेचे नियम २०१७ साली आले आहेत.

मला विचाराल तर त्या वीस घरांना 'सेंद्रिय' हा शब्द हवा आहे असं मला वाटत नाही. त्यांना हवा आहे भरवसा: हे जनावर कुठलं, काय खाल्लं, कापण्याआधी कुठलं औषध दिलं होतं. ते तुम्ही शिक्क्याशिवाय देऊ शकता, वहीने. प्रत्येक कोकराच्या कानात बिल्ला, वहीत जन्मतारीख, लस, औषध आणि त्याची तारीख, दर पंधरवड्याचं वजन. औषध दिल्यावर बाटलीवर लिहिलेले थांबायचे दिवस स्वतःहून दुप्पट पाळा. 'माळावर वाढलेलं, नोंद ठेवलेलं' एवढंच म्हणा, आणि वही मागेल त्याला दाखवा. विकायची पद्धत गावचीच ठेवा: वाटे घाला. एका कोकराचे दहा-बारा वाटे, प्रत्येक वाट्यात रान, चाप, सीना, कलेजीचा तुकडा. मुंडी-पाय आलटून पालटून. आपल्या आज्या याच हिशोबाने मटण घ्यायच्या, आणि शहरातल्यांना ते एकदा समजावलं की आवडतं. आखाडात मागणी तुटून पडेल, श्रावणात फोन वाजणार नाही. विणीचं गणित त्यावर बसवा. मेंढी पाच महिन्यांनी विते, पुढचं तुम्हाला सांगायला नको.

भावाच्या ईदच्या बेतातही तथ्य आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. सध्या ती ऐन उन्हाळ्यात येते आहे, म्हणजे चारा सर्वात महाग असताना नर तयार ठेवावे लागतील. मुरघास (हवाबंद साठवलेला हिरवा चारा) आणि कडबा आधी भरून ठेवला तरच त्यात पैसा आहे. माडग्याळच्या नावावर भुलू नका. २०२० साली आटपाडीच्या बाजारात एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली आणि मालकाने दिला नाही, ही बातमी तुमच्याकडे पोराटोरांना पाठ आहे. तो पैदाशीचा आणि हौसेचा भाव. मटण किलोवरच जातं.

अनुदानाचं म्हणाल तर केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर मेंढ्या आणि पाच नरांपासून पुढे ५० टक्के अनुदान आहे, शंभरच्या गटाला कमाल १० लाख. राज्याची राजे यशवंतराव होळकर महामेष योजना भटक्या जमाती-क साठी आहे, त्यात वीस मेंढ्या आणि एक नर ७५ टक्के अनुदानावर मिळतो. तुम्ही पात्र असाल तर ही दुसरी आधी बघा. लहान आहे, चूक झाली तर पेलवते. शंभराच्या शेडला कर्ज लागतं, आणि कर्जाचा हप्ता मेंढी व्याली की नाही ते बघत नाही. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जनुक दख्खनी मेंढीत आणून जुळी देणारी 'नारी सुवर्णा' तयार केली आहे. भावाला ती भुरळ घालेल. जुळ्यांना दूध आणि खुराक दुप्पट लागतो. तो देणार असाल तरच ती घ्यायची, रानातल्या खांडात सोडायला नाही.

माझा कौल असा: दोघांपैकी एकाचं सगळं खरं करायचं नाही. मेंढ्या आण्णांच्या मागे हलत्या राहू द्या, बागांचा ताजा पाला तेवढा टाळून. तीन महिन्यांची, दूध तुटलेली नर कोकरं घरी ठेवा. या वर्षी वीस, जास्त नकोत. सकाळी चार-पाच तास तुमच्या माळावर, बाकी वेळ गोठ्यात. दोन एकरांत चाऱ्यासाठी मारवेल, शेवरी, हादगा, सुबाभूळ आणि थोडी कडवळ लावा, त्यावर फवारणी नाही. खुराक मुठीने वाढवा, पंधरा दिवसांत पूर्ण मात्रेवर या. निम्मी सोसायटीला वाट्याने, निम्मी भावाकडे ईदसाठी. शंभर दिवसांनी वही उघडून बघा, कुणाचं कोकरू कितीला पडलं आणि कितीला गेलं. तुमचं दोन एकर या काळात आपोआप सेंद्रियाच्या वाटेवर लागलेलं असेल. चार शेजारी मिळाले तर पीजीएसचा विचार तेव्हा करा.

एक प्रश्न मात्र तुम्ही पत्रात विचारलाच नाही, तो मी विचारते. आण्णांची पद्धत टिकवायची असं तुम्ही लिहिता, पण चालणार कोण? ते त्रेसष्टचे आहेत. पाच वर्षांनी वाघर कोण खांद्यावर घेणार? तुम्ही जाल का दिवाळीनंतर चार महिने? आणि वाड्यावर कोकरं सांभाळणं, पाणी आणणं, तीन दगडांवर भाकरी करणं हे आजवर आईंनी केलं असणार. तुमच्या दोन पानी पत्रात त्या नाहीत, तुमच्या पत्नीही नाहीत. रानातल्या मटणाचा दर ठरवताना त्यांच्या मजुरीचा आकडा वहीत वेगळ्या रकान्यात लिहा. तो लिहिल्यावर भावाची शेड तुम्हाला आज वाटते तितकी परकी वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे. त्यांना विचारूनच पुढचं ठरवा. पगारावर गडी ठेवायचा तर तोही खर्च मटणातूनच निघायला हवा.

आता राहिली ती अकरा कोकरं. आण्णा अबोल झाले आहेत ते पद्धतीवरून नसावेत. घरातलं जितराब गेलं आणि 'माझं चुकलं' असं कुणी म्हणालं नाही, हे त्यांना लागलं असावं. मे महिन्यात पशुवैद्यक लसीला येतील तेव्हा मेंढरं धरायला तुम्ही स्वतः उभे राहा, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी आण्णांना सरळ सांगा की लस थांबवायला नको होती. एवढंच सांगा, त्याला 'पण' जोडू नका. वहीचा, वाट्यांचा, सोसायटीचा विषय दुसऱ्या दिवशी, लस टोचून झाल्यावर काढा. आणि पापणी बघून मेंढी ओळखायचं काम त्यांच्याकडेच द्या. त्यांना तक्ता लागणार नाही.